डावीकडचा ठिपका

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठ्या माणसांना शिस्त असते आणि शिस्तीला वही लागते. वही ड्रिल विकणाऱ्या एजंटने भेट दिली. प्रत्येक पानाखाली ड्रिलचं चित्र आहे. चालेल.

आमचे मुख्य तपासनीस गेल्या महिन्यात रिटायर झाले. खुर्ची रिकामी. आमच्याकडे विमानाच्या इंजिनात इंधन नेणाऱ्या टायटॅनियमच्या नळ्या होतात. नळीचे दोन तुकडे वेल्डर जोडतो, जोडाचा एक्सरे निघतो, आणि त्या फिल्मकडे बघून 'पास' नाहीतर 'फेल' लिहितो तो मी. चोवीस वर्षं. मी पास केलेली एकही नळी आजवर फुटलेली नाही. खुर्ची दुसऱ्या कोणाला जाऊ शकते, हा विचारच मला करता येत नाही.

संकल्प: रोज सकाळी डोळ्यांवर गार पाण्याचे एकवीस हबके. (डोळ्यांना काही झालेलं नाही. सवय म्हणून.) कामात दयामाया नाही. रोज लिहायचं.

५ मार्च
हबके सात. पाणी फारच गार होतं.

७ मार्च
काल लिहिलं नाही. कारण होतं. आता आठवत नाही.

आज शिंपीचा जोड फेल केला. शिंपी म्हणजे आमचा सर्वांत जुना वेल्डर. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. त्याच्या जोडावरचे टाके मशीनवर शिवल्यासारखे एकसारखे पडतात म्हणून सगळे शिंपी म्हणतात. फिल्मवर डावीकडे काळा ठिपका होता. ठिपका म्हणजे धातूत अडकलेला बुडबुडा, आत पोकळी. इंजिन तापलं की तिथूनच तडा जातो. मी लाल पेन्सिलीने गोल केला आणि फेल लिहिलं.

शिंपी आला. फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "कुठं रे?" मी बोट ठेवलं. मग तो फिल्मकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघायला लागला. शेवटी म्हणाला, बरं, दुसरा करतो.

आपली चूक कबूल करायला मोठं मन लागतं. शिंपीकडे ते आहे.

१२ मार्च
शिंपीचे आणखी दोन फेल. दोन्ही डावीकडे. हात एका बाजूला कलायला लागलाय त्याचा. वय.

फिल्म ज्या काचेवर ठेवून बघतो तिच्या मागचा दिवा मंद झालाय. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. या महिन्यात तिसऱ्यांदा. त्याने मीटर लावून दाखवला, म्हणाला दिवा नवा कोरा आहे, आता दुसरं काय जुनं झालंय ते बघा. उद्धट. सुपरवायझरकडे लेखी तक्रार केली. बायको म्हणाली, तक्रारीचा कागद उलटा धरून सही केलीत.

हबके: शून्य. उद्यापासून बेचाळीस, म्हणजे हिशेब बरोबर.

१५ मार्च
परवा टाचणी आली. नवी तपासनीस. अंगाने काडी, पण बोलली की टोचते, म्हणून दोन दिवसांतच नाव पडलं. एक्सरेची सगळी सर्टिफिकेटं आहेत तिच्याकडे. माझ्याकडे चोवीस वर्षं आहेत.

तिने विचारलं, सर, दुसऱ्या नजरेसाठी तुमच्या काही फिल्म मी बघू का? नियमात आहे. मी हसून म्हटलं, बाळ, नियम मी लिहिलेत. (मी लिहिलेले नाहीत. पण भिंतीवर लावले मी.) तिला मोजपट्ट्या आणि गेज तपासायच्या खोलीत पाठवलं. तिथे पंखा नाही. शिकेल.

२० मार्च
शिंपीचे एकूण सहा.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्याशेजारी बसला. आधी उगाच इकडचं तिकडचं. मग हळूच म्हणाला, "चल ना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. मला चष्मा बघायचाय. एकट्याला कंटाळा येतो. तूही दाखवून घे, जाताजाता."

म्हणजे हे कारण! डोळे गेलेत बिचाऱ्याचे. म्हणून जोडात पोकळ्या. मला सांगायची लाज वाटते म्हणून 'तूही दाखवून घे'. कळलं सगळं. मी म्हटलं, तू जाऊन ये, मला वेळ नाही. माझ्या डब्याचं झाकण जमिनीवर पडलं होतं, ते उचलून त्याने माझ्या हातात दिलं. मी ते दुसऱ्याच बाजूला शोधत होतो.

२१ मार्च
फार विचार केला. मैत्री एकीकडे, विमानातली दोनशे माणसं एकीकडे. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की शिंपीची नजर कमी झाली आहे, त्याने स्वतःच माझ्याजवळ कबूल केलं आहे. साहेब म्हणाले, बरं झालं सांगितलंत. मी म्हटलं, मित्र आहे, जीव तुटतो. आवाज जरा दाटून आला. तो मुद्दाम आणला नव्हता, पण आल्यावर थांबवलाही नाही.

साहेब खुर्चीचा विषय काढतील असं वाटलं. फोन वाजला.

२६ मार्च
शिंपीची नजर तपासली. शंभर टक्के. चष्म्याशिवाय. आश्चर्य आहे. आजकाल हे डॉक्टर कसे तपासतात कोण जाणे.

२ एप्रिल
शिंपीचे अकरा जोड फेल. अकराच्या अकरा डावीकडे. नियमाप्रमाणे त्याचं वेल्डिंगचं प्रमाणपत्र रोखलं. पुन्हा परीक्षा देईपर्यंत वेल्डिंगच्या केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही. तोवर नळ्यांच्या कापलेल्या कडा कानशीने घासायच्या. हे काम नवशिके करतात.

साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. मी शेजारी उभा होतो, कारण साहेबांनी उभं राहा म्हटलं. शिंपीने हातातले चामड्याचे मोजे काढले, घडी केली, काळ्या काचेच्या मुखवट्यात ठेवले. माझ्याकडे आला. म्हणाला, "अकरा फिल्म. फक्त एकदा, एकदाच, दुसऱ्या कोणाला दाखव. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी दाखव."

माझ्यासाठी! आपला हात बिघडला आणि संशय माझ्या डोळ्यावर. मी म्हटलं, कानस नीट धर, टायटॅनियमचा कीस डोळ्यात जातो. मागे दोघंतिघं हसले. जरा लागलं असेल त्याला. पण वेळेवर सुचलं हे खरं.

३ एप्रिल
बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, आपल्या लेकीच्या बारशाला पाळणा कोणी वेल्ड करून दिला होता आठवतंय? मी म्हटलं, पाळणा आणि विमान यात फरक असतो. ती म्हणाली, हो, पाळण्याला तपासनीस नव्हता.

बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

९ एप्रिल
उद्या माझी वर्षाची दृष्टिचाचणी. तपासनिसाला बारीक अक्षर वाचता यायला हवं, नाहीतर सही बंद. फॉर्मॅलिटी. प्रथमोपचाराच्या खोलीत ते कार्ड भिंतीला लटकलेलं असतं. सहज जाता येता मोबाईलवर फोटो काढला, घरी मोठा करून पाठ केलं. फसवणूक नाही. वाचता मला येतंच. पण घाईत अडखळायला नको.

"विहिरीच्या काठावर एक जुना रहाट होता. त्याची दोरी झिजली होती, तरी रोज पाणी निघे."

बाथरूममध्ये वीस वेळा म्हटलं. बायको दाराबाहेरून म्हणाली, विहिरीत पडलात का?

१० एप्रिल
चाचणी पास. थोडा गोंधळ. नर्स म्हणाली, वाचा काका, आणि मी एका दमात विहीर, रहाट, दोरी, पाणी सगळं म्हटलं. ती म्हणाली, काका, कार्ड अजून माझ्या पिशवीत आहे. मी म्हटलं, हो, तेच, सराव करत होतो. मग तिने कार्ड काढलं आणि मी पुन्हा म्हटलं. ती हसत होती. बाहेर आठ जण रांगेत होते. तिने टिक मारली.

शाब्बास. या वयात.

१८ एप्रिल
शिंपीच्या जागी नवीन वेल्डर आला. कोर्स केलेला, कानात सतत ते गाण्यांचं वायरचं बोंडूक. याच्या जोडात एकही दोष नाही! दहा फिल्म, वीस फिल्म, ठिपका होता तो जरा पुसट व्हायला लागलाय आणि कुठे असलाच तर तो नेहमीचा, दिव्याचा. दिव्याच्या दोषाची शिक्षा नव्या पोराला कशी द्यायची? मी पास करतो. न्याय म्हणजे न्याय.

टाचणी गेजच्या खोलीतून बाहेर आली होती. तयार नळ्यांच्या रॅकजवळ थांबली आणि म्हणाली, सर, हा जोड निळा पडलाय, वेल्डिंगच्या वेळी हवा लागली असणार, चांदीसारखा दिसायला हवा. मी बघितलं. चांदीसारखाच होता. म्हटलं, छताचा पत्रा निळा आहे, त्याची छाया पडते. तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, पत्रा पांढरा आहे.

कानामागून आली आणि तिखट झाली.

२९ एप्रिल
मधले दिवस लिहिलं नाही. दिवसभर बारीक काम, डोळे चुरचुरतात. आता ओळ सोडून लिहितोय, जाड पेनाने. पान छान भरतं.

शिंपी कानशीच्या टेबलावर आहे. जाताना दिसतो. मी हात केला. त्याने मान हलवली बहुतेक. शेजारच्या पोराने सांगितलं की तो खांब होता. शिंपी आज रजेवर आहे. चेष्टा करतात.

६ मे
वाईट बातमी. म्हणजे वेल्डरसाठी वाईट.

साठ नळ्यांची खेप पॅक होत होती. त्यातली एक पाण्याच्या दाबाच्या चाचणीला लावली. ठरलेला दाब चढायच्या आधीच जोड फाटला. चाचणीवाला नखशिखान्त भिजला, हनुवटीला तीन टाके पडले. मी पास केलेली नळी. साहेब धावत आले. मी शांत होतो. म्हटलं, नव्या पोराला मी आधीच सांगणार होतो.

साहेबांनी टाचणीला बोलावलं आणि माझ्या गेल्या चार महिन्यांच्या सगळ्या फिल्म तिच्या ताब्यात दिल्या. मला घरी जायला सांगितलं. दुपारी तीनला! बायकोने दार उघडून घड्याळाकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हा फार गोंगाट होतो.

९ मे
बोलावलं. एक्सरेची खोली. साहेब, टाचणी, मी. तिने काचेवर शिंपीच्या अकरा फिल्म ओळीने लावल्या. म्हणाली, यात एकही पोकळी नाही, बाहेरच्या दोन तपासनिसांनीही बघितल्या. नव्या वेल्डरच्या साठातल्या नऊ जोडांत धातू आतपर्यंत वितळलेलाच नाही, आणि ते नऊही सरांनी पास केलेत.

मी म्हटलं, मत वेगळं असू शकतं.

मग ती म्हणाली, सर, एक विनंती. माझी नेहमीची जागा. स्टँडवर पक्कं बसवलेलं भिंग, खाली खाच, खाचेत फिल्म सरकवायची. चोवीस वर्षं तिथेच बसतो, डोळा भिंगाला टेकवून. तिने एक फिल्म सरकवली. मी बघितलं, डावीकडे ठिपका. लाल गोल केला. तिने तीच फिल्म उलटी फिरवून सरकवली. म्हणाली, आता? ठिपका पुन्हा डावीकडे. मी म्हटलं, दोन आहेत, आधी दुसरा दिसला नव्हता. लाल गोल केला.

तिने फिल्म काढली. खाच रिकामी. म्हणाली, "आता, सर?"

मी बघितलं. होता. अगदी तिथेच. मी म्हटलं, बघा! काचेतच दोष आहे! किती महिने ओरडतोय मी! आणि काचेवर गोल केला.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नाही, स्क्रॅपचा पिंजरा आहे. टाचणीने चिंधीने माझा लाल गोल पुसला. फार हळू पुसला. तिला रडू येत होतं असं वाटलं. काचेचा दोष इतक्या उशिरा कळल्याचं वाईट वाटलं असणार.

१४ मे
डॉक्टर. बायको सोबत, कारण बसचा नंबर... तिला बसनेच जायचं होतं. डॉक्टरांनी डोळ्याच्या आत दिवा मारून बघितलं. म्हणाले, पडद्याच्या मध्यालगत डाग आहे, मधोमध पसरतोय. आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर थांबवता आला असता. आता आहे तेवढं टिकवायचं. बायकोने विचारलं, मार्चमध्ये आले असते तर? डॉक्टर म्हणाले, डोळा बराच वाचला असता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, मार्चमध्ये तुम्हाला कोणीतरी चला म्हणालं होतं.

हिला कोणी सांगितलं? वहिनींनी. म्हणजे शिंपीच्या बायकोने. चुगलखोर घराणं.

२० मे
आता मात्र हद्द झाली. शिंपीचं लॉकर उघडलं, त्याला पुन्हा वेल्डिंगच्या केबिनमध्ये हलवायचं म्हणून. आत गोणपाटात गुंडाळलेले तेवीस कापलेले जोड. साहेबांनी विचारलं हे काय. फारच विचारल्यावर शिंपी म्हणाला, दोन वर्षांपासून तपासनीस मित्राला, म्हणजे मला, बारीक दोष दिसेनासे झालेत. माझ्या हातून एखादा जोड कच्चा पडला की मी स्वतःच भिंगाने बघून कापून टाकायचो आणि दुसरा करायचो. त्याच्यापर्यंत गेलाच असता तर त्याने पास केला असता. साहेब म्हणाले, मग आम्हाला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "त्याचा सगळा मान त्या डोळ्यावर होता."

हे टाचणीने मला सांगितलं. मी सरळ विचार केला. विमानाच्या कामात कापलेला प्रत्येक तुकडा वहीत लिहावा लागतो, नंबरसकट. तेवीस तुकडे, नोंद नाही. दोन वर्षं! म्हणजे मला सहानुभूती दाखवत हा माणूस कंपनीचं टायटॅनियम लपवत होता. आणि वर माझ्या चोवीस वर्षांच्या कामाला बट्टा. जणू माझं रेकॉर्ड त्याने सांभाळलं!

मी तपासनीस आहे. अजून आहे. लेखी तक्रार केली, थेट ऑडिटवाल्यांकडे. टाइप बायकोकडून करून घेणार होतो. तिने नकार दिला. जाड पेनाने लिहिली. चार ओळी एकमेकींवर आल्या, पण मुद्दा पोचला.

५ जून
मुद्दा पोचला. ऑडिटवाल्यांपुढे साहेबांचंही काही चाललं नाही. नोंद न करता माल नष्ट करणं, नियम क्रमांक अमुक. शिंपी कामावरून कमी. पुन्हा कुठल्याही विमानाच्या कारखान्यात वेल्डिंगचं प्रमाणपत्र मिळणार नाही.

मला वाटलं होतं ताकीद देतील.

मुख्य तपासनिसाची खुर्ची टाचणीला. मला स्टोअरच्या खिडकीशी बसवलंय. हातमोजे द्यायचे. लहान, मध्यम, मोठे. हाताने चाचपून कळतं. आज एकालाही चुकीचे दिले नाहीत. दोघांना दोन्ही डावे दिले, पण ते हसतच घेऊन गेले.

१९ जून
लिहिण्यासारखं काही नाही. गेल्या आठवड्यात बायको माझ्याशी एकूण सहा वाक्यं बोलली. त्यातली दोन दाराची कडी लावा अशी.

२ जुलै, रविवार, सकाळी ११
ठरवलं. शिंपीला माफ करायचं. त्याने माझ्या पाठीमागे जे केलं ते विसरून. कोणीतरी मोठेपणा दाखवावा लागतो. बायकोला म्हटलं, चल, त्याच्या घरी जाऊ. तिने लगेच चपला घातल्या. इतक्या लवकर ती कधी तयार होत नाही.

२ जुलै, दुपारी
जाऊन आलो. तिसरा मजला. जिना अंधारा, बायकोने हात धरला होता. दार शिंपीनेच उघडलं. मी त्याला खोकल्यावरून ओळखलं. आता ज्याच्याकडे बघतो त्याचा चेहराच जातो, कडेचं तेवढं दिसतं. कान, कॉलर, दाराची चौकट. आत ये म्हणाला नाही. मीही उंबऱ्यातच उभा राहून सुरुवात केली.

सांगायला गेलो होतो की तुला माफ केलं. पण बोलायला लागलो तर शब्द दुसरीकडेच गेले. अकरा फिल्म म्हटलं. डबा म्हटलं. कानशीचा विनोद म्हटला, त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो म्हटलं. ऑडिटला लिहिताना मला माहीत होतं, की तू ते तुकडे का कापलेस. हेही म्हटलं. कसं म्हटलं कळत नाही. आवाज दाटला, आणि या वेळी थांबवायचा प्रयत्न केला तरी थांबला नाही. दहा मिनिटं तरी बोललो असेन. तो एका शब्दानेही मध्ये आला नाही. समोर उंच, काळपट, शांत उभा. माझं इतकं नीट ऐकून कोणीच कधी घेतलं नव्हतं. शेवटी मी हात पुढे केला. त्याचा हात लागला तो चामड्यासारखा वाटला. वेल्डरचा हात.

जिना उतरताना बायकोला म्हटलं, बघ, एका शब्दाने रागावला नाही.

ती म्हणाली, अहो, तुम्ही 'हे बघ' म्हणालात तेव्हाच ते आत निघून गेले. समोरच्या खुंटीला त्यांचा वेल्डिंगचा चामड्याचा एप्रन लटकत होता.

दोन पायऱ्या उतरलो. मग मी विचारलं, तू मला थांबवलं का नाहीस?

ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माफी मागत होतात. मध्येच कशी थांबवू?"

परत वर जायला हवं होतं. तीन मजले होते. लिफ्ट नाही. गेलो नाही.